सुटणे, सोडणे, सोडवणे

टेप ३८ मिनिटांची होती. त्यातली नऊ मिनिटं समुपदेशक स्वतःबद्दल बोलत होता. त्याने विचारलेले प्रश्न ४१. समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून ते आपल्या शब्दांत परत त्याच्यापुढे ठेवलं, अशी वाक्यं चार. आणि समोरचा माणूस ‘बरोबर हाय’ म्हणाला होता २६ वेळा.

ही मोजदाद मी क्लिनिक बंद झाल्यावर कागदावर रेघा मारत केली. (टेप घरी न्यायची नाही, लोकलमध्ये तर ऐकायचीच नाही, असा आमचा नियम आहे. हेडफोन लावला तरी ऐकणाऱ्याचा चेहरा बोलतोच.) दुसऱ्या दिवशी तो कागद दादापुढे ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, पण सेशन तर छान झालं होतं. माणूस रडला.”

हे प्रकरण कोपरखैरण्यातल्या एका लहानशा बाह्यरुग्ण केंद्रातलं आहे. तिथे मी आठवड्यातून दोन दिवस ठाण्याहून जाते. व्यसनमुक्ती समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या प्रत्यक्ष कामावर देखरेख करणं हे माझं काम. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पेशंटला आपण तात्या म्हणू. प्रशिक्षणार्थीला सगळे दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच.

दादा पूर्वी टेम्पो चालवायचा. नऊ वर्षं सोबर. त्याने समुपदेशनाचा कोर्स मनापासून केला होता. स्क्रीनिंग, इनटेक, असेसमेंट, उपचार आराखडा, संकटात हस्तक्षेप, रेफरल, नोंदी अशी समुपदेशकाची बारा कामं त्याला झोपेतून उठवून विचारली तरी येत. बारावं काम म्हणजे कन्सल्टेशन, अडलं की दुसऱ्या जाणकाराला विचारणं. ते यादीत शेवटी येतं, आणि माझा अनुभव असा की शेवटी येतं म्हणून शेवटपर्यंत राहूनच जातं.

तात्या एका बुधवारी आले ते त्यांच्या टोळीच्या मुकादमाबरोबर. बायको दोन पावलं मागे. वय ४४, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, मूळचे सातारा जिल्ह्यातले, राहायला माथाडी वसाहतीत. गाड्या रात्रीच लागतात, पहाटेपासून ५० किलोच्या गोण्या पाठीवर. सकाळी हात इतके कापत की गोणीचा कान धरता येईना, म्हणून पहाटे पाचला नाइन्टी. मग दिवसभरात मिळून दोन क्वार्टर, पगाराच्या दिवशी तीन.

क्वार्टरचा हिशोब दादाने तिथल्या तिथे मांडला, आणि तो मला आवडला. १८० मिली, त्यात अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल सुमारे ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम. एका क्वार्टरचे सहा ड्रिंक झाले, दोन क्वार्टरचे बारा. ‘रोज दोन ड्रिंक घेतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचं माप वेगळं असतं. दहा प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत ४० पैकी २० किंवा त्याहून जास्त आले की अवलंबित्वाची शक्यता धरून पुढची तपासणी करायची असते. तात्यांचे २९ आले.

‘शेवटचा घोट कधी?’ हेही दादाने विचारलं. आमच्या कामात हा प्रश्न जिवाचा आहे. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत, आणि भ्रम, भास, तोल सुटलेलं भान दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. पण ‘आधी कधी फिट आली होती का?’ याला तात्या ‘न्हाई’ म्हणाले आणि दादाने ‘नाही’ लिहिलं. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, “दोन वर्सांमागं श्रावणात सोडली हुती, तवा अंगात आलं हुतं की. दात बसलं, डोळं फिरलं.” गावाकडे त्याचा उताराही झाला होता. तात्यांच्या लेखी ती फिट नव्हतीच, वारं होतं. फॉर्मवर ‘फिट’ हा शब्द आहे. तिथे ‘अंगात येणं’, ‘दातखिळी’, ‘झटका’ हेही विचारायचं, हे त्या दिवशी आम्ही पेनाने लिहून ठेवलं.

फिटचा इतिहास असल्यामुळे घरी ठेवून दारू थांबवण्याचा प्रश्नच उरला नाही. डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयात पाठवलं, सहा रात्री. दारू थांबवल्यावरचा त्रास आवरणारं क्लोरडायझेपॉक्साइड, चढत्या त्रासाप्रमाणे आणि मग उतरत्या मात्रेत, आणि ग्लुकोजच्या आधी थायामिनचं, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन. मुकादम पहिल्यापासून ‘बाटली चढवा, अशक्तपणा आहे’ म्हणून मागे लागला होता. आपल्याकडे बाटली लागली की उपचार सुरू झाला असं वाटतं. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन इतकं कमी असू शकतं की आधी ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. दादाने हे मुकादमाला फार सोप्या शब्दांत सांगितलं. अशा जागी तो माझ्यापेक्षा चांगला आहे.

भरती स्वतंत्र, म्हणजे तात्यांच्या स्वतःच्या सहीने. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था येतात, त्यामुळे त्यातले हक्कही लागू होतात. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ द्यायला पेशंटने स्वतः निवडलेला माणूस. त्या रकान्यात तात्यांनी मुकादमाचं नाव लिहिलं, बायकोचं लिहिलं नाही. दादाने ते पाहिलं, मी पाहिलं, आणि दोघांनीही पुढचं पान उलटलं. कुटुंबाबरोबरचं पहिलं सत्र आराखड्यात सहाव्या आठवड्यात टाकलेलं होतं. त्यावर सही माझी आहे.

आता त्या टेपकडे येते. ती डिस्चार्जनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. रेकॉर्डिंगला तात्यांची लेखी संमती होती. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा:

तात्या: आता सुटली पायजे बगा. लई झालं.

दादा: सुटणार तात्या, शंभर टक्के सुटणार. मला विचारा ना. मी तर रोज एक खंबा मारायचो.

तात्या: बरोबर हाय.

दादा: घरचे किती त्रास काढतात, हे कधी बघितलंय का?

तात्या: बरोबर हाय. म्या एकदा सोडली हुती. थोरलीच्या लग्नाआधी, चार म्हैनं.

दादा: मी पण सोडली होती तात्या, सहा महिने. पण परत धरली. म्हणून म्हणतो, नुसती सोडून भागत नाही, प्रोग्राम पाहिजे.

तात्या: बरोबर हाय.

इथे टेप थांबवून मी दादाला विचारलं, तात्यांच्या तोंडी किती क्रियापदं आली? त्याला वाटलं मी व्याकरण घेतेय. घेतच होते.

मराठीत या एका गोष्टीला तीन क्रियापदं आहेत. दारू सुटते, दारू सोडतो, दारू सोडवतात. सुटते ती ताप उतरावा तशी, तिथे करणारा कोणीच नाही. सोडतो, तिथे करणारा पिणारा स्वतः. सोडवतात, तिथे करणारे बाकी सगळे: बायको, भाऊ, बुवा, डॉक्टर, आम्ही. स्टेशनबाहेरच्या भिंतींवरच्या जाहिराती एकजात तिसऱ्या क्रियापदात असतात, ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत’. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांची संवादाची पद्धत आम्ही शिकवतो. तिच्यात समुपदेशकाने पेशंटच्या बोलण्यात बदलाची भाषा ऐकायची असते: इच्छा, क्षमता, कारण, गरज आणि मग निश्चय. आमच्या भाषांतरित स्लाइडवर उदाहरण आहे, ‘मला बदलायचे आहे.’ एवढ्या वर्षांत एकाही माणसाने माझ्यापुढे हे वाक्य उच्चारलेलं नाही. ‘बदल’ ही सरकारी गोष्ट आहे. माणसं म्हणतात, ‘सुटली तर बरं’, ‘बघू’, ‘आता बास झालं’. मराठीत कान तयार करायचा तर तो या तीन क्रियापदांवर करावा लागतो, असं माझं मत होत गेलं आहे.

त्या टेपमध्ये तात्यांनी ‘सुटणे’ ११ वेळा वापरलं, ‘सोडवणे’ सहा वेळा. ‘सोडणे’ फक्त एकदा: थोरलीच्या लग्नाआधी, चार महिने. अख्ख्या ३८ मिनिटांतलं सोन्यासारखं वाक्य ते. चार महिने हा माणूस कशाच्या बळावर राहिला, पहाटे पाचला काय करायचा, कोणाला सांगितलं होतं, हे सगळं त्या वाक्याच्या मागे उभं होतं. दादाने त्याच्यावर आपले सहा महिने ठेवले आणि दार लागलं.

दादाची बाजू मला इथे मांडलीच पाहिजे. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याला आपली गोष्ट सांगायची, यावरच तर १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात झाली. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तिथेही बरे झालेले मित्र कार्यकर्ते होऊन काम करत आले. दादा स्वतः मीटिंगमधल्या शेअरिंगवर तगलेला. ती रीत खोटी नाही. पण मीटिंगमध्ये माणूस स्वतःसाठी बोलतो, आणि ऐकणाऱ्याला उठून जायची मुभा असते. केबिनमध्ये तात्या कुठे जाणार? ते ‘बरोबर हाय’ म्हणतात. मराठी माणसाचं ‘बरोबर आहे’ हे बहुतेक वेळा ‘आता पुरे’ असतं. जे रडले, ते कशावर रडले, हेही टेपवर होतं: दादाच्या आईच्या गोष्टीवर.

मिलर यांच्या गटाचाच २००४ चा एक अभ्यास मी प्रशिक्षणार्थींना नेहमी सांगते. १४० व्यावसायिकांना ही पद्धत वेगवेगळ्या रीतीने शिकवली गेली. कार्यशाळेनंतर ज्यांना प्रत्यक्ष कामावर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालं, त्यांचं कौशल्य नुसती कार्यशाळा केलेल्यांपेक्षा वाढलं. त्याहून बोचणारी गोष्ट दुसरी. मला हे किती जमतं याबद्दल व्यावसायिकांनी स्वतः जे सांगितलं, त्याचा टेपवर दिसलेल्या कौशल्याशी संबंध लागला नाही. ‘सेशन छान झालं’ हे पुरावा म्हणून चालत नाही ते यामुळे. दादाला मी तीन आठवड्यांसाठी एकच काम दिलं: एका प्रश्नामागे निदान एक प्रतिसाद, ज्यात प्रश्नचिन्ह नसेल. आणि स्वतःची गोष्ट पूर्ण बंद. तो म्हणाला, “मग माझ्याकडे उरलं काय?” मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं कदाचित.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी गावची यात्रा आली. चैत्र. तात्यांचे दारूशिवाय ४२ दिवस झाले होते, रुग्णालयातले धरून. यात्रेला जावं की नाही यावर सत्रात बोलणं झालं होतं, कोणाबरोबर बसायचं नाही, मटणाच्या पंगतीत कुठे बसायचं, इथपर्यंत. छबिन्याच्या रात्री चुलतभावाने ग्लास पुढे केला. तात्यांनी अर्धा घेतला.

दहा-पंधरा मिनिटांत तोंड लालबुंद, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, छाती धडधडली, उलट्या, आणि मग माणूस गार पडला. जीपमध्ये घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. रक्तदाब खूप खाली होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “दारूची गोळी चालू आहे का?” तात्या म्हणाले, नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तरीही प्रश्नचिन्ह टाकून गोळीचं नाव लिहिलं. रात्र निभावली. गावात मात्र दोन दिवसांत पक्कं झालं होतं की चुलतभावाने करणी केली, ग्लासात काहीतरी घातलं.

सोमवारी चिठ्ठी घेऊन तात्या क्लिनिकला आले. रागावलेले, शरमलेले. बायको नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे. दादाने चिठ्ठी वाचली, तिच्याकडे बघितलं आणि सत्र सुरू न करता माझ्या खोलीत आला.

“ताई, तिने दिलीय.”

“कशावरून?”

“माझ्या आईने मला दिली होती. वरणात. मला माहितीय बाईचा चेहरा कसा होतो ते.”

नऊ वर्षं तो शेअरिंग करत होता. घोटून घोटून गुळगुळीत झालेली त्याची गोष्ट मी चार-पाचदा ऐकली होती. त्यात वरण कधीच नव्हतं.

डायसल्फिराम ही जुनी गोळी. दारू थांबवण्यासाठी तिचा उपयोग होईल हे १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आलं. दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि मग ते पुढे मोडून निरुपद्रवी होतं. ही गोळी ते दुसरं मोडणंच अडवते. विष साचतं, आणि तात्यांना झालं ते होतं. हे माहीत असलेला माणूस भीतीने ग्लास दूर ठेवतो. तिचा सगळा उपयोग या माहीत असण्यात आहे. नकळत दिली तर ती औषध राहत नाही, पुरून ठेवलेला सुरुंग होते. कमकुवत हृदयाच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आणि गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

बायकोशी दादा आणि मी एकत्र बोललो, तात्यांना बाहेर डॉक्टर तपासत असताना. तिने काही लपवलं नाही. शेजारणीने सांगितलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय पत्ता दिला, डिस्चार्जनंतर आठवडाभराने सुरू केली, सकाळच्या चहात वाटून. “दवाखान्यातनं घरी आलं तवा कुणी मला काय सांगितलंच न्हाई,” ती म्हणाली. “गोळ्या कवा, खायाला काय, पुन्ना प्यालं तर काय करायचं. समदं मुकादमाला सांगितलं. मुकादम माज्या घरात ऱ्हातुय का?”

यावर मला आजही काही म्हणायचं नाही. आम्ही दोघांनी उलटलेलं पान तिने परत उघडून दाखवलं एवढंच.

पुढे काय करायचं यावर दादाचं आणि माझं वाजलं. त्याचं म्हणणं, तात्यांना सांगायचं नाही. तिला गोळी बंद करायला लावू, विषय संपला. “घर मोडेल ताई. आधीच तो तिच्यावर हात उचलत होता.” हात उचलण्याचा मुद्दा खरा होता. पण सांगितलं नाही तर चुलतभावावरचा राग चढत जाणार होता, आणि पुढचे १४ दिवस तात्यांनी एक घोट जरी घेतला असता, तरी तेच पुन्हा. आपल्या शरीरात काय आहे हे माहीत असण्याचा हक्क तात्यांचा आहे. तो आम्ही घर वाचवण्याच्या नावाखाली दाबून ठेवू शकत नाही. डॉक्टरांचंही मत तेच, आणि आजच सांगायचं.

मग आम्ही क्रम ठरवला. आधी तिला एकटीला विचारलं: त्यांना कळल्यावर तुला भीती आहे का, आज रात्री कुठे असशील. तिने नणंदेचं नाव घेतलं, घणसोलीत राहते. तिला फोन करून बोलावलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काय मदत मिळते, कोणाला फोन करायचा, हे कागदावर न देता तोंडी सांगितलं, कारण कागद घरी सापडतो. मग विचारलं, तू सांगशील की आम्ही सांगू? ती म्हणाली, मी सांगीन, पण दादांनी बसावं.

त्या सत्राची टेप नाही. डॉक्टर, दादा, मी, नणंद, नवरा-बायको. एवढ्यांत रेकॉर्डर ठेवणं बरं दिसलं नसतं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. तात्या उठले नाहीत, ओरडले नाहीत. बराच वेळ ते पंख्याकडे बघत होते. मग जे म्हणाले, ते मी त्याच रात्री शब्दशः लिहून ठेवलं:

“म्हंजी म्या सोडलीच नव्हती. हिनं सोडवली हुती.”

खरं नुकसान इथे झालं होतं. अर्धा ग्लास, रक्तदाब, जीपमधली रात्र हे सगळं भरून येण्यासारखं होतं. ४२ दिवसांत पहिल्यांदा ‘सोडली’ हा शब्द त्यांच्या तोंडी रुळू लागला होता, दादाच्या मागच्या दोन टेप्समध्ये तो मला ऐकू येत होता, आणि आता ते तो परत करत होते.

मी बोलणार होते. माझ्या डोक्यात समजुतीची तीन वाक्यं तयार होती. दादा माझ्या आधी बोलला, आणि त्याने समजूत घातली नाही.

“तात्या, तुम्हाला वाटतंय हे दिवस तुमचे नव्हतेच.”

“मग? गोळीचं हुतं.”

“ही गोळी काय करते, ते सांगू का?” तात्यांनी मान हलवली. “ही गोळी ओढ कमी करत नाही. हात कापायचे थांबवत नाही. पहाटे पाचला काही करत नाही. दारू पोटात गेली तरच ती काम करते. तुम्हाला तर ती चालू आहे हेही माहीत नव्हतं, म्हणजे तिची भीतीही नव्हती. आता तुम्ही सांगा. यात्रेपर्यंत ती काय करत होती?”

दादा गप्प बसला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून गप्प बसले.

“काय न्हाई,” तात्या शेवटी म्हणाले. “पडून हुती.”

“मग पहाटे पाचला कोण होतं?”

यावर तात्यांनी उत्तर दिलं नाही. बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, किती पैसे गेले गोळ्यांना. पण आम्हाला पुरेसं होतं. विचारा, परवानगी घेऊन सांगा, मग पुन्हा विचारा: ही पद्धत मी कितीदा फळ्यावर लिहिली असेल. ती इतकी नीट वापरलेली मी क्वचित पाहिली आहे. आणि माझी बंदी असूनही दादाची स्वतःची गोष्ट त्या खोलीत होतीच. एक शब्दही न बोलता ती होती. ‘मग माझ्याकडे उरलं काय’ या त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, ते त्याने स्वतःच शोधलं.

औषधाचं पुढे थोडक्यात. यकृताच्या तपासण्या वाढलेल्या होत्या, त्यामुळे उघडपणे डायसल्फिराम देण्याचा विचार डॉक्टरांनी सोडून दिला. मूत्रपिंड ठीक असल्याने ॲकॅम्प्रोसेट निवडलं; ते यकृतावाटे नाही, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. “सहा? जेवाण हाय का औषध?” तात्यांनी विचारलं. दुपारच्या दोन गोळ्या गाळ्यावर विसरायच्या, म्हणून ती जबाबदारी त्यांनी टोळीतल्या एकाला दिली. कोणाला द्यायची ते त्यांनीच ठरवलं. नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्जही बदलून घेतला, त्यावर आता बायकोचं नाव आहे. फॉर्ममध्ये आम्ही एक ओळ वाढवली: घरातल्या माणसाला वेगळं बसवून विचारायचं, तुम्ही स्वतःहून काही देता का, चहात, जेवणात, अंगारा म्हणून? पहिल्या तीन महिन्यांत तीन घरांतून ‘हो’ आलं. दोन ठिकाणी अंगारा होता, एका ठिकाणी गोळी.

दादाचं वरण मात्र राहिलं होतं. त्या सत्रानंतरच्या गुरुवारी तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “ताई, मग माझी कोणी सोडवली? आईने का मी?” देखरेख करणाऱ्याने प्रशिक्षणार्थीचा थेरपिस्ट व्हायचं नाही, ही रेघ मला माहीत आहे. ती किती पातळ आहे हेही त्या दिवशी कळलं. मी त्याला ठाण्यातल्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं, त्याच्या स्वतःसाठी, आठवड्यातून एकदा. तो पहिल्या दोन वेळा गेला नाही. तिसऱ्या वेळी गेला.

तात्यांनी पुढच्या आठ महिन्यांत दोनदा घेतली. एकदा पावसाळ्यात, टोळीतला एक जण गाडीखाली सापडला त्या रात्री, आणि एकदा दिवाळीत. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आले. दिवाळीच्या वेळी बायकोला पुढे घालून.

आता पुन्हा चैत्र जवळ आला आहे. मागच्या आठवड्यातली टेप ३१ मिनिटांची आहे: प्रश्न १२, प्रतिसाद १९, दादाची स्वतःबद्दलची मिनिटं शून्य. चोविसाव्या मिनिटाला तात्या म्हणतात, यात्रेला जावं का नको, तुमीच सांगा. त्यानंतर १७ सेकंद टेपवर फक्त पंखा आणि बाहेरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज आहे. दादा काही बोलत नाही.

“हिला घिऊन जाईन,” तात्या म्हणतात. “देवाला नारळ फोडीन आन् सांजच्या यष्टीनं माघारी. छबिन्याला थांबणार न्हाई.” मग थोड्या वेळाने, “चुलतभावाची माफी मागायची ऱ्हायलीय. त्येचं काय करू?”